धिंगरीच्या अर्कात लॅकेज शून्य, पण स्टॅफवर १४ मिमी झोन: नमुना चुकला की पद्धत?

तणस_आणि_तंतू

नमस्कार मंडळी. नागपूरला एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रकल्प करतोय. विषय आहे खाद्य अळिंबीतले एन्झाइम आणि जीवाणूविरोधी गुण. आतापर्यंत काय केलं ते जसंच्या तसं लिहितो.

गोकुळपेठ बाजारातली ताजी धिंगरी (ऑयस्टर मशरूम), पाव किलो. धुऊन, चिरून ओव्हनमध्ये ६० अंशांवर रात्रभर वाळवली. मिक्सरमधून काढल्यावर पूड २५ ग्रॅम भरली. त्यातली २० ग्रॅम सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुन्हापुन्हा फिरवून अर्क काढणारं उपकरण) मिथेनॉलवर ८ तास. रोटरीवर मिथेनॉल उडवून २.६ ग्रॅम तपकिरी, चिकट अर्क मिळाला. तो शुद्ध डीएमएसओ या द्रावकात मिलिलीटरला १०० मिग्रॅ असा विरघळवला. म्युलर-हिंटन अगारवर ६ मिमीच्या विहिरी (अगारमध्ये पाडलेली भोकं), प्रत्येकीत ५० मायक्रोलिटर, ३७ अंश, २४ तास.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस (स्टॅफ) जीवाणूच्या एटीसीसी २५९२३ या प्रमाणित वाणावर झोन, म्हणजे जीवाणू न वाढलेलं वर्तुळ, १४ मिमी (विहीर धरून). ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर काहीच नाही. जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅमची चकती दोन्हींवर २२ मिमीच्या आसपास.

लॅकेज या एन्झाइमसाठी उरलेली ५ ग्रॅम पूड ५० मिलि फॉस्फेट बफर सलाइनमध्ये (पीएच ७.४) ढवळली, गाळली आणि एबीटीएस (लॅकेजमुळे रंग येणारा पदार्थ) घालून ४२० नॅनोमीटरला वाचन घेतलं. सुरुवातीलाच ०.४ दिसतं आणि पाच मिनिटांनीही ०.४ च.

तर लॅकेज का दिसत नाही? धिंगरीत तर ते भरपूर असतं असं सगळीकडे वाचलंय. आणि १४ मिमीवरून ‘धिंगरी जीवाणूनाशक आहे’ असं लिहिता येईल का?

---

अगारप्लेट_धंतोली

भाऊ, एकाच पुडीतून दोन्ही कामं काढायला गेलात, घोळ तिथूनच सुरू झाला. एन्झाइम म्हणजे प्रथिन, त्याला थंडी आणि योग्य बफर लागतो. जीवाणूविरोधी छोटे रेणू मात्र उष्णता आणि मिथेनॉल बऱ्यापैकी सोसतात. पिशवी प्रयोगशाळेत आली की लगेच तिचे दोन वाटे करायचे आणि ते पुन्हा एकत्र येऊ द्यायचे नाहीत. लॅकेजचं इथे कोणीतरी नीट सांगेलच, मी झोनबद्दल लिहितो.

तुमची चकती २२ मिमी देते. जेंटामायसिनसाठी २५९२३ ला १९ ते २७ आणि २५९२२ ला १९ ते २६ मिमी ही मान्य मर्यादा आहे. म्हणजे माध्यम, जाडी, जीवाणूंची घनता सगळं जागेवर आहे. पण चकतीत १० मायक्रोग्रॅम औषध आहे आणि तुमच्या विहिरीत ५ मिलिग्रॅम अर्क. ५०० पट. शिवाय दोन वेगळ्या पदार्थांचे झोन एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही, कारण अगारमधून कोण किती पसरतो यावरही झोन ठरतो. जड प्रथिन किंवा बीटा-ग्लुकान विहिरीच्या काठाशीच अडकून बसतं आणि लहान आम्ल दूरवर जातं.

खरी अडचण आम्लाचीच आहे. अळिंबीत ऑक्झॅलिक, मॅलिक, फ्युमॅरिक अशी सेंद्रिय आम्लं असतात, ती मिथेनॉलमध्ये आरामात उतरतात आणि सॉक्सलेटनंतर दाट होऊन बसतात. शिटाके बुरशीच्या द्रव माध्यमातला जीवाणूविरोधी परिणाम बऱ्याच अंशी ऑक्झॅलिक आम्लाचा निघाला होता. तुमच्या अर्काचा पीएच तुम्ही लिहिलेलाच नाही. आजच अर्क दहापट पाण्यात मिसळा, पीएच पाहा, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने ७.० वर आणा आणि पुन्हा विहिरीत घाला. शेजारच्या विहिरीत मूळ अर्काच्या पीएचइतकं ऑक्झॅलिक आम्ल घातलेलं नुसतं पाणी ठेवा. उदासीन केल्यावर झोन गेला तर ते आम्ल होतं, विषय संपला. दहापट पातळ केल्याने झोन तसाही लहान होईल, म्हणून पातळ केलेला पण उदासीन न केलेला अर्कही त्याच प्लेटवर हवा. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

दुसरा संशयित हायड्रोजन पेरॉक्साइड. अर्कातले फिनॉल माध्यमात हवा लागून ऑक्सिडाइझ होतात तेव्हा पेरॉक्साइड तयार होतं. उदासीन अर्कात मिलिलीटरला साधारण १०० युनिट कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घालून अर्धा तास ठेवा, मग विहिरीत घाला.

तिसरा म्हणजे द्रावक. ५० मायक्रोलिटर शुद्ध डीएमएसओची विहीर प्रत्येक प्लेटवर असलीच पाहिजे. मिथेनॉलचाही अंश राहतो. चिकट अर्क रोटरीवरून काढला की तो कोरडा दिसतो, पण आत मिथेनॉल धरून असतो. फ्लास्क पोकळीपंपावर ४० अंशांना ठेवा आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत काढू नका.

ई. कोलायवर काही आलं नाही यात नवल नाही. ग्रॅम-ऋण जीवाणूला लिपोपॉलिसॅकराइडचं बाहेरचं आवरण असतं आणि पाणी टाळणारे मध्यम आकाराचे रेणू त्याच्या बाहेरच थांबतात. अळिंबीच्या अर्कांचा कल स्टॅफसारख्या ग्रॅम-धन जीवाणूंकडे असतो तो यामुळेच.

हे सगळं पार पडूनही झोन टिकला तर मग एमआयसी (जीवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा) करा. ९६ विहिरींची प्लेट, कॅटायन जुळवलेलं म्युलर-हिंटन ब्रॉथ, जीवाणू मिलिलीटरला ५ लाख. यात हमखास एक चूक होते. १०० मिग्रॅच्या साठ्यातून ८ मिग्रॅपर्यंतची मालिका लावली की पहिल्याच विहिरीत डीएमएसओ ८ टक्के होतो आणि तोच जीवाणू दाबतो. साठा २०० मिग्रॅचा जमला तर तो करा, सर्वांत वरची पातळी ४ मिग्रॅ ठेवा (डीएमएसओ २ टक्के), आणि एक आख्खी ओळ नुसत्या डीएमएसओच्या त्याच उतरत्या मात्रांची लावा. अर्क तपकिरी आहे म्हणून गढूळपणा डोळ्यांनी दिसणार नाही आणि तुम्ही रिझाझुरिनकडे (जिवंत जीवाणूंमुळे निळ्याचा गुलाबी होणारा रंग) वळाल. थोडं थांबा. अळिंबीचा अर्क स्वतःच रिझाझुरिनला निळ्याचा गुलाबी करू शकतो. ‘अर्क + रंग, जीवाणू नाहीत’ अशी विहीर प्रत्येक पातळीला ठेवा. ती गुलाबी झाली तर रंगाचा नाद सोडा आणि प्रत्येक विहिरीतून १० मायक्रोलिटर अगारवर टाकून वसाहती मोजा.

एकाच पिशवीतल्या अर्काच्या तीन विहिरी म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. तीन वेगळ्या बेडची (अळिंबी वाढवायला भरलेल्या तणसाची) धिंगरी, तीन वेगळे अर्क, असं हवं. तोंडी परीक्षेत हे विचारतातच.

---

लॅकेज४२०

शून्य येणारच होतं. एकाच प्रयोगात चार ठिकाणी एन्झाइम गेलंय.

६० अंशांवर रात्रभर, हा पहिला घाव. दुसरा, सलाइन. फॉस्फेट बफर सलाइनमध्ये सुमारे १३७ मिलिमोलर मीठ असतं आणि क्लोराइड बुरशीच्या लॅकेजला रोखतं, तांब्याच्या केंद्राशी जाऊन बसतं. तिसरा, पीएच ७.४. एबीटीएसवर बुरशीचं लॅकेज ३ ते ५ च्या दरम्यान चांगलं चालतं, उदासीनाकडे गेलं की वेग कोसळतो. चौथं म्हणजे जागाच चुकली. धिंगरीचं लॅकेज पेशीबाहेर सोडलेलं असतं, बुरशी ते तणसातलं लिग्निन मोडायला वापरते. ते बेडमध्ये शोधायचं. छत्रीत थोडंफार असतं, पण तुम्ही वाचलेले मोठे आकडे सब्स्ट्रेटचे (बेडमधल्या तणसाचे) किंवा द्रव माध्यमाचे आहेत.

वेळही महत्त्वाची आहे. तंतू बेडभर पसरत असताना लॅकेज चढतं आणि कळ्या फुटू लागल्या की उतरतं. त्याच सुमारास सेल्युलेज वर येतं. म्हणून ‘धिंगरीत लॅकेज किती’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. बी पेरल्यापासून १०, १५, २०, २५ वा दिवस, कळ्या दिसल्यावर आणि पहिल्या तोडणीनंतर असे नमुने घ्या. तो आलेखच तुमच्या प्रबंधाचा सर्वांत भरीव भाग ठरेल.

कृती अशी. बेडच्या वरून, मधून, खालून मिळून १० ग्रॅम ओलं सब्स्ट्रेट. ५० मिलि थंडगार १०० मिलिमोलर सोडियम ॲसिटेट बफर, पीएच ५.०. शीतपेटीत ४ अंशांवर एक तास हलवत ठेवा, मलमलच्या चार पदरी कापडातून पिळा, १०,००० जी वर १५ मिनिटं फिरवा. वरचं द्रव बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मोजा. त्याच बेडचं आणखी १० ग्रॅम १०५ अंशांवर वजन स्थिर होईस्तोवर वाळवा, ओलावा काढायला.

क्युव्हेटमध्ये २.४ मिलि तोच बफर आणि ०.५ मिलि ३ मिलिमोलर एबीटीएस (डायअमोनियम क्षार १६.५ मिग्रॅ, १० मिलि पाण्यात, काळ्या बाटलीत). शेवटी ०.१ मिलि एन्झाइम घालून दर १५ सेकंदांनी दोन मिनिटं वाचन. मिनिटाला ०.०५ ते ०.३ ची सरळ चढण हवी. जास्त असेल तर अर्क पातळ करा. पहिल्या अर्ध्या मिनिटात हिरवट-निळा रंग गच्च चढून वाचन थांबलं की मुलं ‘एन्झाइम मेलं’ म्हणून लिहितात. प्रत्यक्षात एन्झाइम इतकं असतं की मोजण्यासारखं काही उरतच नाही.

हिशोब करून दाखवतो, कारण इथेच दहा-दहा पटीच्या चुका होतात. समजा अर्क दहापट पातळ केला आणि चढण मिनिटाला ०.१८ आली. ऑक्सिडाइझ झालेल्या एबीटीएसचा प्रकाश-शोषण गुणांक मोलरला ३६,०००, म्हणजे मिलिमोलरला ३६. तर ०.१८ × ३ × १० भागिले (३६ × ०.१) = १.५ युनिट प्रति मिलि. आता एकूण द्रव ५० मिलि नाही. सब्स्ट्रेटमध्ये ७० टक्के ओलावा असेल तर १० ग्रॅममध्ये ७ मिलि पाणी आधीच होतं. म्हणून १.५ × ५७ = ८५.५ युनिट, आणि कोरडा भाग ३ ग्रॅम. उत्तर २८.५ युनिट प्रति ग्रॅम कोरडं सब्स्ट्रेट. ओल्या वजनावर दिलेला आकडा कोणाशीही ताडून पाहता येत नाही.

तुमचं ०.४ हे अर्काच्या तपकिरी रंगाचं वाचन आहे. कोरं वाचन पाण्यावर न घेता तोच अर्क दहा मिनिटं उकळून, गाळून त्याच्यावर घ्या.

पेरॉक्सिडेजशी गल्लत होऊ देऊ नका. धिंगरी मँगनीज पेरॉक्सिडेजही सोडते आणि ॲरिल-अल्कोहोल ऑक्सिडेजने पेरॉक्साइडही बनवते, म्हणजे एबीटीएसचा रंग दोघांचा मिळून येऊ शकतो. एक संच कॅटालेज घालून करा, उरलेला वेग लॅकेजचा. शंका राहिली तर एबीटीएसऐवजी सिरिंगाल्डाझिन वापरा, ५२५ नॅनोमीटरला. सोडियम ॲझाइडने फरक करायला जाऊ नका. ते दोघांनाही मारतं, विषारी आहे, आणि बेसिनमध्ये ओतलं तर तांब्या-शिशाच्या नळात स्फोटक क्षार साचतात.

नागपूरसाठी खास सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमानच ३८-४० असतं. क्युव्हेटची खोबण ३० अंशांवर ठेवता येत नसेल तर सगळी वाचनं सकाळी सातच्या आत उरका आणि तापमान प्रत्येक वाचनाशेजारी लिहा. नाहीतर मार्चचं आणि मेचं लॅकेज वेगळं दिसेल आणि तुम्ही त्याचं श्रेय बेडच्या वयाला द्याल. बर्फ थर्माकोलच्या डब्यात, आणि लाइट जाण्याची सोय धरूनच सेंट्रिफ्यूज लावा.

---

तणस_आणि_तंतू

खूप आभार. दोन शंका. छत्रीतलंच एखादं एन्झाइम मोजायचं असेल तर कोणतं घ्यावं? आणि द्रव माध्यमात वाढवून लॅकेज वाढवता येतं का? गाइड मॅडम कॉपर सल्फेट घाल म्हणाल्या.

---

लॅकेज४२०

छत्रीसाठी टायरोसिनेज, आणि तेही धिंगरीपेक्षा बटण अळिंबीत. चिरलेलं बटण तपकिरी पडतं ते याचंच काम. ताजी टोपी १० ग्रॅम, थंड ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर पीएच ६.५, ३० मिलि, आणि सुटणारे फिनॉल धरून ठेवायला पीव्हीपीपी १ टक्का. खलबत्ता बर्फात ठेवून कुटा. मिक्सरचं भांडं तापतं. एल-डोपावर ४७५ नॅनोमीटरला वाचन, गुणांक ३,६००. व्हिटॅमिन सी अर्कात घालू नका, ते तयार झालेला रंग परत फिरवतं आणि सुरुवातीची दोन-तीन मिनिटं खोटं शून्य दिसतं. यातलं बरंच टायरोसिनेज झोपलेल्या रूपात असतं. ०.१ टक्का एसडीएस (त्याला जागं करणारं डिटर्जंट) घालून आणि न घालता, दोन्ही आकडे द्या.

कॉपर सल्फेट बरोबर आहे. १५० मायक्रोमोलर, म्हणजे पाच रेणू पाण्याचा निळा क्षार लिटरला ३७.५ मिग्रॅ. पहिल्या दिवशी नको, कोवळ्या तंतूंची वाढ खुंटते. चौथ्या-पाचव्या दिवशी निर्जंतुक साठ्यातून घाला.

पण हे द्रव माध्यम पुढे दाट करून जीवाणूंवर लावणार असाल तर सावध. तांबं स्वतःच जीवाणू मारतं. बुरशी न पेरलेलं, तेवढंच कॉपर घातलेलं आणि तितकंच दाट केलेलं माध्यम ही विहीर शेजारी नसेल तर निकालाला किंमत नाही.

अमोनियम सल्फेटने प्रथिन खाली बसवायचं तर ८० टक्क्यांसाठी २५ अंशांच्या तक्त्याप्रमाणे लिटरला ५६१ ग्रॅम, चिमूट-चिमूट, अर्ध्या तासात. मग १२-१४ किलोडाल्टनच्या पिशवीत डायलिसिस (लहान रेणू बाहेर झिरपतात, मोठे आत राहतात), बफर तीनदा बदलून. जीवाणूविरोधी गुणाची जातही इथे कळते. डायलिसिसनंतर तो पिशवीत राहिला तर मोठा रेणू, बहुधा प्रथिन. गायब झाला तर लहान रेणू किंवा आम्ल. मग पिशवीतलं थोडं उकळा, थोड्यावर प्रोटिएज घाला. दोन्हींनी गुण गेला तरच ‘जीवाणूविरोधी प्रथिन’ हा शब्द वापरा.

---

सावनेर_बेडवाला

राजेहो, तुमचं सगळं बरोबर, पण बाजारातल्या धिंगरीवर प्रबंध उभा करून राहिले म्हणून लिहितो.

त्या पिशवीत धिंगरीची कोणती जात, फ्लोरिडा होती, साजोर-काजू होती का निळी अल्मेरियस, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. अर्काची जात लिहायला जागा असते ना प्रबंधात? तिथं ‘धिंगरी’ लिहून भागत नाही. सोलनच्या अळिंबी संशोधन संचालनालयाकडून क्रमांकासह कल्चर मागवा, नाहीतर कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात चौकशी करा, आणि चार बेड स्वतः लावा.

दुसरं, बाजारात येणारा माल बहुतेक रासायनिक भिजवणीच्या तणसावर होतो. १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम पावडर आणि १२५ मिलि फॉर्मेलिन, तणस १८ तास बुडवलेलं. छत्रीत फॉर्मेलिन उतरेल अशी शक्यता कमी, पण तुम्ही बेडमधलं सब्स्ट्रेट पिळून जीवाणूंवर घालणार असाल तर परीक्षक पहिला प्रश्न हाच करील. प्रयोगासाठी गरम पाण्याची रीत घ्या. रात्रभर भिजवलेलं तणस ८० अंशांच्या पाण्यात एक तास, निथळून, मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण थेंब पडू नये इतपत. बी ओल्या वजनाच्या ३ टक्के. २४ ते २८ अंशांत १५ ते २० दिवसांत बेड पांढरा होतो. नुसतं सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) भरू नका. त्यात नत्र तणसापेक्षा जास्त, बेड आतून तापतो आणि हिरवी बुरशी धरते. अर्धं कुटार अर्धं तणस ठीक. हिरवा डाग पडलेल्या बेडचा नमुना अजिबात घेऊ नका. ती ट्रायकोडर्मा स्वतःची एन्झाइमं आणि स्वतःचे जीवाणूविरोधी पदार्थ सोडते, मोजाल तिचं आणि नाव लावाल धिंगरीचं.

आता डागांबद्दल. छत्रीवर पिवळसर-तपकिरी, जरा चिकट डाग दिसतात ते स्यूडोमोनास टोलासी या जीवाणूचे. धिंगरी खरोखर सरसकट जीवाणू मारणारी असती तर तिच्याच अंगावर हे डाग आले नसते. आणि हा जीवाणू टोलासिन नावाचं विष सोडतो, ते ग्रॅम-धन जीवाणूंना मारतं. तुमचा झोनही स्टॅफवरच आहे, नाही का? डागाळलेल्या छत्र्या त्या पाव किलोत होत्या की नव्हत्या, हे आता कळायला मार्ग नाही. पुढच्या वेळी एकेक छत्री उलटी-सुलटी पाहून घ्या, डागाची बाजूला.

बेडवर डाग येऊ नयेत म्हणून पाणी दिल्यावर छत्री दोन-तीन तासांत कोरडी व्हायला हवी, पंखा लावा. डाग सुरू झालेच तर १५० पीपीएम क्लोरीनचं पाणी, म्हणजे ३० टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर १० लिटरला ५ ग्रॅम, निवळून वरचं पाणी फवारा. त्या तोडणीचा माल मात्र प्रयोगाला वापरू नका.

---

पशुवैद्यक_विदर्भ

चर्चा विभाग लिहिताना एक चकवा टाळा. ‘प्ल्युरोटस’ या धिंगरीच्याच वंशापासून प्ल्युरोम्युटिलिन हे प्रतिजैविक मिळतं, म्हणून धिंगरीही तसंच काम करते, असं वाक्य विद्यार्थ्यांच्या लिखाणात सर्रास दिसतं. प्ल्युरोम्युटिलिन १९५१ मध्ये ज्या बुरशीतून वेगळं केलं तिला तेव्हा प्ल्युरोटस म्युटिलस म्हणत. आज ती क्लिटोपायलस वंशात आहे. आपल्या धिंगरीचा आणि त्या रेणूचा संबंध नावापुरताच.

रेणू मात्र अस्सल आहे. जीवाणूच्या रायबोसोमच्या ५०-एस भागात, प्रथिनाची साखळी जोडली जाते त्याच जागी तो बसतो. त्याच्यापासून टियाम्युलिन आणि वाल्नेम्युलिन ही जनावरांची औषधं झाली, माणसांच्या त्वचेसाठी २००७ मध्ये रेटापाम्युलिनचं मलम आणि २०१९ मध्ये न्यूमोनियासाठी लेफाम्युलिन. कुक्कुटपालन करणारे कोणी वाचत असतील तर: खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा नॅरॅसिन असताना टियाम्युलिन देऊ नका. टियाम्युलिनमुळे ती औषधं यकृतात मोडली जात नाहीत, पक्ष्यांचे पाय लुळे पडतात आणि मरतूक होते.

---

कढईतली_अळिंबी

मी प्रयोगशाळेतली नाही, पण विचारते. मग धिंगरीची भाजी खाल्ल्याने पोटातले जंतू मरतात असं जे सांगतात ते खरं की नाही? आणि एन्झाइम टिकावेत म्हणून कच्ची खावी का?

---

अगारप्लेट_धंतोली

ताई, नाही आणि नाही.

त्यांच्या विहिरीतला ५ मिग्रॅ अर्क सुमारे ३८ मिग्रॅ पुडीतून, म्हणजे जेमतेम ०.४ ग्रॅम ताज्या धिंगरीतून आलाय. मात्रा छोटी वाटते, पण ती अगारच्या एका ठिपक्यात कोंडलेली आहे. पोटात ती जेवणात, पाण्यात आणि आम्लात पसरते. प्लेटवरच्या झोनवरून ताटातल्या भाजीबद्दल काही सांगता येत नाही.

कच्ची तर खाऊच नका. धिंगरीत ऑस्ट्रिओलायसिन नावाचं पेशींना भोकं पाडणारं प्रथिन असतं, ते उष्णतेने निकामी होतं. शिटाके अर्धवट शिजलेली खाल्ली तर काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात, त्याचं कारण लेंटिनान. आणि एन्झाइम टिकले तरी आपल्याला त्याचा उपयोग काय? जठरात तेही प्रथिन म्हणूनच पचतात. कढईत पाणी सुटून आटेपर्यंत परता, बास.

---

तणस_आणि_तंतू

पावसाळ्यात रामटेककडून येणाऱ्या सात्याही (रानटी अळिंबी) तुलनेला घ्याव्यात असं मनात होतं.

---

सावनेर_बेडवाला

सात्या वाळवीच्या वारुळावरच येतात, बेडवर लावता येत नाहीत, म्हणजे तीन वेगळ्या बेडची पुनरावृत्ती तिथं कुठून आणाल? शिवाय त्याच दिवसांत गवतावर हिरव्या बीजाणूंची विषारी छत्री उगवते, कोवळी असताना पांढरीच दिसते. एक जरी टोपलीत मिसळली तर अर्क वाया. या प्रकल्पात नका घेऊ.

---

तणस_आणि_तंतू

आज पीएच पाहिला. दहापट पातळ अर्क ४.३. एकाच प्लेटवर चार विहिरी लावल्या, स्टॅफ २५९२३: मूळ अर्क १४ मिमी, दहापट पातळ १० मिमी, पातळ करून पीएच ७ ला आणलेला ८ मिमी, नुसता डीएमएसओ ६ म्हणजे काही नाही. आता कॅटालेजकडे वळू का?

---

अगारप्लेट_धंतोली

वळा, पण त्याआधी पातळ न करता उदासीन करा. आता ८ मिमीत विहिरीबाहेर फक्त एकेक मिमी उरतो, तेवढा फरक मोजपट्टीच्या चुकीतही येतो. १०० मिग्रॅचा अर्क डीएमएसओऐवजी ०.१ मोलर फॉस्फेट बफर पीएच ७.० मध्ये, १० टक्के डीएमएसओ घालून बनवा. घातल्यावर पीएच पुन्हा पाहा, अर्क दाट असला की बफरलाही खाली ओढतो. न विरघळलेला गाळ फेकू नका, वाळवून वजन करा आणि विरघळलेल्या मात्रेतून वजा करा.

कॅटालेजच्या दोन विहिरी लागतील, एकीत ताजं आणि दुसरीत दहा मिनिटं उकळलेलं. ताज्याने झोन गेला आणि उकळलेल्याने राहिला, तरच तो पेरॉक्साइडचा. दोन्हींनी गेला तर कॅटालेजच्या बाटलीतल्या इतर प्रथिनाने तुमचे फिनॉल धरून ठेवलेत असं समजा, आणि तेवढंच बीएसए (गायीच्या रक्तातलं साधं प्रथिन) घातलेली पाचवी विहीर लावा.